रेकास्टिंगने पहिला भुलभुलैया: सपाट नकाशातून समोरच्या भिंती

दोन्ही बाजूंना भिंती, पुढे वळण, बाण दाबला की सरकत येणारी वाट. असा खेळ पाहिला की वाटतं, यामागे थ्रीडी मॉडेल, गेम इंजिन, महागडं ग्राफिक्स कार्ड असा मोठा पसारा असणार. रेकास्टिंगमध्ये, म्हणजे खेळाडूच्या डोळ्यापासून कल्पनेतले किरण सोडून ते भिंतीला कुठे आदळतात ते बघण्यात, यातलं काही लागत नाही. लागतो तो चौकटींचा एक सपाट नकाशा. पडद्याच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी संगणकाला एकच गोष्ट शोधायची असते: या दिशेला भिंत किती लांब आहे? अंतर कळलं की जवळची भिंत उंच काढायची आणि लांबची बुटकी. बाकी सगळी सजावट.

मे १९९२ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' आला तो याच युक्तीवर. जॉन कारमॅकने लिहिलेला त्याचा गाभा २८६ प्रोसेसरवरही चालायचा. प्रत्येक पातळीचा नकाशा ६४ × ६४ चौकटींचा, सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनात, जमीन आणि छत एकरंगी. ही बंधनं पाळली म्हणूनच तो पळत होता. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा जिने, तिरक्या भिंती, कमीजास्त उंचीची छतं आली आणि त्यासाठी पद्धतही बदलावी लागली. आपण १९९२ मध्येच थांबू. पहिल्या खेळासाठी तेवढं पुष्कळ आहे.

काय लागेल

एक ब्राउझर, एक टेक्स्ट एडिटर आणि एक एचटीएमएल फाइल. भाषा जावास्क्रिप्ट, चित्र काढायला कॅनव्हास. व्हेरिएबल, लूप, फंक्शन आणि अ‍ॅरे एवढं येत असेल आणि साईन-कोसाईनची ओळख असेल तर काम भागतं. इंजिन डाउनलोड करू नका. युनिटी किंवा गोडोमध्ये हाच खेळ तासाभरात उभा राहील, पण भिंत पडद्यावर कशी आली हे कळायचं राहूनच जाईल.

खालच्या सूत्रांमध्ये मी नावं मराठीत लिहिली आहेत. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे 'अंतर' किंवा 'किरण_एक्स' असं व्हेरिएबल तुम्ही खरोखर ठेवू शकता. आकडे मात्र इंग्रजीच टंकावे लागतात आणि गुणाकाराला फुली नव्हे, तारा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि एचटीएमएलच्या डोक्यात (हेडमध्ये) तसा कॅरसेट सांगा, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील.

कॅनव्हासचा आकार ३२० × २४० ठेवा. पडद्यावर मोठा दिसायला सीएसएसने ताणा. हाच आकार का, ते उंचीच्या हिशोबात येईल.

आधी नकाशा, तोही वरून

नकाशा म्हणजे मजकुराच्या ओळींचा अ‍ॅरे. # म्हणजे भिंत, टिंब म्हणजे मोकळी वाट, 'ब' म्हणजे बाहेर पडायची चौकट आणि 'ह' म्हणजे हिरवी भिंत, म्हणजे बाहेरची वाट लांबून ओळखू येते.

########
#..#...#
#..#.#.#
#....#.#
####.#.#
#....#.#
#.##..बह
########

चारही कडा भिंतींनी बंद असायलाच हव्यात. एखादी चौकट उघडी राहिली तर किरण नकाशाबाहेर निघून जातो आणि लूप संपतच नाही किंवा एरर येतो.

मोजणी शून्यापासून. एक्स डावीकडून उजवीकडे वाढतो, वाय वरून खाली. चौकट वाचताना आधी ओळ, मग स्तंभ: नकाशा[वाय][एक्स]. हे उलटं झालं तर खेळ चालतो, पण भलत्याच भुलभुलैयात, आणि नकाशा चौरस असला की चूक लवकर लक्षातही येत नाही.

आता प्रत्येक चौकट २४ पिक्सेलची धरून हा नकाशा वरून दिसतो तसा काढा. खेळाडू म्हणजे एक ठिपका, त्याच्या नाकापासून निघालेली छोटी रेघ म्हणजे दिशा. नवखे लोक ही पायरी गाळतात आणि थेट समोरच्या चित्राला हात घालतात. तसं करू नका. समोरचं चित्र बिघडलं की नुसता रंगांचा गोंधळ दिसतो, त्यावरून काहीच कळत नाही. वरच्या नकाशावर तोच किरण भिंतीतून आरपार जाताना दिसतो आणि चूक कुठे आहे ते तिथल्या तिथे समजतं. किरण नकाशावर अचूक थांबायला लागेपर्यंत समोरचं चित्र काढूच नये, असं माझं मत आहे.

खेळाडू म्हणजे तीन आकडे

एक्स, वाय आणि कोन. एक्स आणि वाय चौकटींमध्ये मोजा, पिक्सेलमध्ये नाही. (१.५, ३.५) म्हणजे स्तंभ १ आणि ओळ ३ मधल्या चौकटीच्या बरोबर मध्यभागी. कोन रेडियनमध्ये, शून्य म्हणजे पूर्वेकडे, म्हणजे नकाशावर उजवीकडे तोंड.

दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, कोनावरून दोन दिशा काढायच्या:

दिशा_एक्स = कोसाईन(कोन)
दिशा_वाय = साईन(कोन)
पडदा_एक्स = −साईन(कोन) × ०.६६
पडदा_वाय = कोसाईन(कोन) × ०.६६

पहिली जोडी खेळाडूचं तोंड कुठे आहे ते सांगते. दुसरी जोडी त्याला काटकोनात, उजव्या हाताकडे जाते. खेळाडूच्या एक चौकट पुढे एक आडवा पडदा धरलाय असं समजा. त्याची मध्यापासून कडेपर्यंतची लांबी ०.६६. यातून नजरेची रुंदी साधारण ६७ अंश होते. आकडा वाढवला तर जास्त दिसतं, पण कडेच्या भिंती ताणल्यासारख्या वाटतात. पडद्याचं चिन्ह चुकलं तर सगळं जग आरशातल्यासारखं उलटं होतं: उजवा बाण दाबावा आणि डावीकडे वळल्यासारखं वाटावं.

प्रत्येक रेघेला एक किरण

पडद्यावर ३२० उभ्या रेघा आहेत. रेघ क्रमांक ० ते ३१९ चं रूपांतर −१ ते +१ मध्ये करायचं:

क = २ × रेघ ÷ ३२० − १
किरण_एक्स = दिशा_एक्स + पडदा_एक्स × क
किरण_वाय = दिशा_वाय + पडदा_वाय × क

रेघ १६० ला क शून्य येतो, म्हणजे किरण नाकासमोर. एवढं झालं की वरच्या नकाशावर हे ३२० किरण ठरावीक लांबीचे काढून बघा. पंखा उघडलेला दिसला पाहिजे आणि खेळाडू वळला की तोही वळला पाहिजे.

भिंत शोधणं

खरं काम इथे आहे. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो असा: किरणावर ०.०१ चौकटीएवढं पुढे जायचं, भिंत आहे का बघायचं, नसेल तर आणखी ०.०१. काळोखात काठीने चाचपडत जावं तसं. चालतं ते, पण साडेतीन चौकटी लांबच्या भिंतीला ३५० वेळा तपासणी होते आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर किरण असतात १९,२००. पाऊल मोठं केलं की किरण कोपऱ्यांतून निसटतात आणि भिंतींच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात.

नीट बघितलं तर चौकटीच्या आत काही बदलतच नाही. बदल होतो तो फक्त चौकटीची सीमा ओलांडताना. मग सीमेवरून सीमेवर उड्या मारायच्या. या पद्धतीला डीडीए (डिजिटल डिफरेन्शियल अ‍ॅनालायझर) म्हणतात.

सीमा दोन तऱ्हेच्या: उभ्या (एक्स बदलतो) आणि आडव्या (वाय बदलतो). दोन्हींचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा. एका उभ्या सीमेपासून पुढच्या उभ्या सीमेपर्यंत जायला किरणावर किती मजल लागते, ते म्हणजे उडी_एक्स. तसंच उडी_वाय.

उडी_एक्स = |१ ÷ किरण_एक्स|
उडी_वाय = |१ ÷ किरण_वाय|

किरण अगदी सरळ असेल तर यातला एक भागाकार शून्याने होतो. जावास्क्रिप्ट त्याला अनंत समजून पुढे जाते आणि इथे आपल्याला तेच हवं असतं. पायथॉनमध्ये लिहिणार असाल तर मात्र तिथेच प्रोग्राम थांबेल. त्या ठिकाणी हाताने एखादी प्रचंड संख्या द्या.

खेळाडू चौकटीत कुठेही उभा असतो, त्यामुळे पहिल्या सीमेपर्यंतची मजल वेगळी काढावी लागते. चौकट_एक्स म्हणजे एक्सचा पूर्णांक भाग, तो फ्लोर फंक्शनने मिळतो. किरण उजवीकडे जात असेल तर

मजल_एक्स = (चौकट_एक्स + १ − एक्स) × उडी_एक्स, पाऊल_एक्स = +१

डावीकडे जात असेल तर

मजल_एक्स = (एक्स − चौकट_एक्स) × उडी_एक्स, पाऊल_एक्स = −१

वायचंही असंच. मग लूप: ज्याची मजल कमी, त्या दिशेने एक चौकट पुढे जायचं, त्या मजलीत तिची उडी मिळवायची, शेवटची सीमा उभी होती की आडवी ते लक्षात ठेवायचं. नवी चौकट भिंत असेल तर थांबायचं.

एक किरण हाताने सोडवू. खेळाडू (१.५, ३.५) वर, तोंड पूर्वेला, रेघ २४०. क येतो ०.५. किरण (१, ०.३३). उडी_एक्स १, उडी_वाय ३.०३. चौकट (१, ३). पहिल्या उभ्या सीमेपर्यंत मजल ०.५, पहिल्या आडव्या सीमेपर्यंत १.५१५.

०.५ लहान, म्हणून एक्सकडे उडी: चौकट (२, ३), मोकळी, मजल_एक्स आता १.५.
१.५ अजूनही १.५१५ पेक्षा लहान, पुन्हा एक्सकडे: चौकट (३, ३), मोकळी; मजल_एक्स २.५.
आता १.५१५ लहान, म्हणून वायकडे: चौकट (३, ४). नकाशात ओळ ४, स्तंभ ३ बघा. भिंत. मजल_वाय झाली ४.५४५.

तीन उड्यांत उत्तर. शेवटची उडी भिंतीच्या पलीकडच्या सीमेपर्यंत मोजली गेली आहे, म्हणून ती वजा करायची: ४.५४५ − ३.०३ = १.५१५. हेच अंतर. ताळा करून बघा: १.५ मध्ये १.५१५ मिळवले की एक्स ३.०१५, आणि ३.५ मध्ये १.५१५ × ०.३३ मिळवले की वाय बरोबर ४.

कागदावर असे दोन-तीन किरण सोडवा, त्यातला एक डावीकडे जाणारा असू द्या. नंतर कोडमधून तेच आकडे छापून ताडून बघा. डीडीए लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात: पाऊल उलटं पडणं, शेवटची उडी वजा न करणं, चौकटीसाठी फ्लोर न वापरणं.

अंतरावरून उंची

उंची = २४० ÷ अंतर
वरचं टोक = (२४० − उंची) ÷ २

आपल्या किरणाची उंची १५८ पिक्सेल, वरचं टोक ४१. नाकासमोरच्या रेघेला भिंत ३.५ चौकटींवर आहे, तिथे उंची ६९. आधी पडद्याचा वरचा अर्धा भाग छताच्या रंगाने आणि खालचा अर्धा जमिनीच्या रंगाने भरा, मग कॅनव्हासच्या फिलरेक्ट फंक्शनने एक पिक्सेल रुंदीच्या ३२० पट्ट्या काढा. हा पहिला क्षण मजेचा असतो, थोडा वेळ नुसतं बघत बसा.

३२० × २४० चं कारण आता सांगता येईल. एक चौकट लांबीची भिंत एक चौकट अंतरावर ३२० ÷ १.३२ म्हणजे २४२ पिक्सेल रुंद दिसते आणि आपण तिची उंची २४० धरतो. म्हणजे भिंतीचा प्रत्येक ठोकळा जवळजवळ चौरस दिसतो. कॅनव्हासचा आकार बदललात तर उंचीच्या सूत्रात २४० च्या जागी रुंदी ÷ १.३२ घाला, नाहीतर ठोकळे चपटे किंवा उभट होतील.

भिंती फुगल्या तर

इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत सरळ भिंतीसमोर उभं राहिलं की ती मध्ये फुगलेली आणि कडांना निमुळती दिसते. कारण त्यांनी खेळाडूच्या डोळ्यापासून भिंतीपर्यंतचं खरं तिरकं अंतर वापरलेलं असतं. आपल्याला हवं असतं ते पडद्याला काटकोनातलं अंतर. आपल्या किरणात दिशा_एक्स, दिशा_वाय हा भाग नेहमी एक चौकट लांबीचा असतो, म्हणून डीडीएमधून निघणारी मजल आपोआप काटकोनातलीच असते. वरच्याच किरणाचं तिरकं अंतर १.५९५ आहे, ते वापरलं असतं तर उंची १५८ ऐवजी १५० आली असती आणि कडेकडे हा फरक वाढत गेला असता. पायथागोरस लावून अंतर 'नीट' काढायचा मोह होईल, तो टाळा. कोनांची पद्धत वापरणारे लोक हेच काम शेवटी कोसाईनने गुणून करतात.

उजेड-सावली

सगळ्या भिंती एकाच रंगाच्या काढल्या तर कोपरे दिसतच नाहीत. आडव्या सीमेवर आदळलेल्या किरणाची पट्टी थोडी गडद करा, सुमारे ७० टक्के उजेड. एवढ्यानेच चित्रात जीव येतो. त्यावर लांबच्या भिंती मंद करायच्या तर उजेडाला १ ÷ (१ + ०.२ × अंतर) ने गुणा. रंग ठरवताना कोणत्या चौकटीवर किरण आदळला ते अक्षर बघा: # ला विटकरी, 'ह' ला हिरवा. डीडीएमध्ये टिंब आणि 'ब' सोडून बाकी सगळं भिंत समजायचं.

चालणं आणि अडखळणं

कळा दाबल्या-सोडल्याची नोंद एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि हालचाल फ्रेमच्या लूपमध्ये करा. थेट कीडाउनवर, म्हणजे कळ दाबल्याच्या इव्हेंटवर, खेळाडू हलवला तर तो आधी गचका खाऊन मग चालतो. कळ ओळखायला त्या इव्हेंटमधला 'की' नव्हे, 'कोड' वापरा. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर असेल तर डब्ल्यूची कळ दाबल्यावर 'की'मध्ये ऐकाराची मात्रा येते आणि खेळाडू जागचा हलत नाही. 'कोड' मात्र कळेची जागा सांगतो, तो बदलत नाही.

वेग सेकंदावर बांधा: चालायला २.५ चौकटी, वळायला २ रेडियन. दर फ्रेमला आपलं फंक्शन बोलावणारं ब्राउझरचं रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम दर वेळी मिलिसेकंदांत वेळ देतं, त्यातून मागची वेळ वजा केली की किती सेकंद गेले ते कळतं. हे केलं नाही तर ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नीट चालणारा खेळ १४४ हर्ट्झवर धावत सुटेल. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलं की हा फरक एकदम मोठा येतो आणि खेळाडू भिंतीपलीकडे उडी मारतो, म्हणून तो ०.०५ सेकंदाच्या वर जाऊ देऊ नका.

भिंतीची तपासणी एक्स आणि वायसाठी वेगवेगळी करा. नवा एक्स मोकळ्या चौकटीत पडतो का बघा, पडत असेल तरच एक्स बदला. मग वायचं तेच. त्यामुळे तिरकं चालताना खेळाडू भिंतीला चिकटून बसत नाही, तिच्या कडेने घसरत पुढे जातो. तपासताना जाण्याच्या दिशेने ०.२ चौकट पुढचं बघा, म्हणजे नाक भिंतीत घुसत नाही. कोपऱ्याला थोडं घासून जाता येतं, पण पहिल्या खेळात ते चालवून घ्या.

खेळाडूची चौकट 'ब' झाली की जिंकलं. वेळ मोजणारं घड्याळ लावायचं तर ते इथे थांबवा. आपल्या नकाशात बाहेर पडायला दोन वाटा आहेत, खालची जवळची.

भिंतीवर चित्र चढवायचं असेल तर

किरण भिंतीवर नेमका कुठे आदळला त्याचा अपूर्णांक घ्यायचा. उभ्या सीमेवर आदळला तर वाय + अंतर × किरण_वाय, आडव्यावर तर एक्स + अंतर × किरण_एक्स. आपल्या किरणाला ३.०१५ मिळालं, त्यातले ०.०१५ गुणिले ६४ म्हणजे ०.९६, ६४ पिक्सेलच्या चित्रातला क्रमांक ० चा, अगदी पहिला उभा पट्टा. कॅनव्हासच्या ड्रॉइमेज फंक्शनने तेवढाच पट्टा उचलून उंचीएवढा ताणायचा आणि कॅनव्हासचं स्मूदिंग बंद ठेवायचं. उंची २४० च्या वर गेली तरी ती कापू नका, कॅनव्हास बाहेरचा भाग आपणच सोडून देतो. कापलीत तर भिंतीजवळ गेल्यावर विटा दबलेल्या दिसतील. फाइल थेट डबल-क्लिक करून उघडली असेल तर चित्र काढता येतं, पण त्याचे पिक्सेल वाचायला गेलात की ब्राउझर अडवतो. त्यासाठी छोटा लोकल सर्व्हर चालवा.

नवा भुलभुलैया दर वेळी

हाताने काढलेला नकाशा चार वेळा खेळला की पाठ होतो. २१ × २१ चा नकाशा सगळा # ने भरा. ज्या चौकटींचे एक्स आणि वाय दोन्ही विषम आहेत त्या खोल्या समजा. अशा बरोबर १०० होतात. एका खोलीतून सुरुवात करून न पाहिलेली शेजारची खोली यादृच्छिकपणे निवडा, मधली भिंत पाडा, आताची खोली स्टॅकमध्ये (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशा यादीत) ठेवा, तिथे जा. पुढे वाट नसेल तर स्टॅकमधून मागच्या खोलीत परत या. स्टॅक रिकामा झाला की ९९ भिंती पडलेल्या असतात आणि कोणत्याही दोन खोल्यांमध्ये नेमकी एकच वाट असते. असा भुलभुलैया खेळायला कंटाळवाणा होतो, कारण चुकलं की दर वेळी आल्या पावली परत. म्हणून शेवटी आतल्या, दोन खोल्यांमधल्या दहा-बारा भिंती मनाला येतील तशा आणखी पाडा आणि वरचा नकाशा एखाद्या कळेवर लपवा-दाखवा असा ठेवा.